इंग्लंडहून मुंबईकडे निघालेलं, पण न पोचलेलं छोटं विमान: त्याचा माग कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा: पणजोबांनी १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये डी हॅविलंड कंपनीचं एक मॉथ विमान विकत घेतलं. वैमानिक ते उडवत मुंबईला आणणार होता, पण ते जुहूला उतरलंच नाही. घरात एकच पत्र उरलं आहे आणि त्यात ‘बसरा सोडल्यावर पत्ता नाही’ एवढंच लिहिलंय. विमानाचं आणि वैमानिकाचं काय झालं, हे आज मुंबईत बसून शोधता येईल का?

येईल, आणि बरंच काही हाती लागू शकतं. मात्र बहुतेक जण चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. नकाशा उघडायचा, बसरा ते कराची रेघ ओढायची आणि विमान कुठे पडलं असेल याचे तर्क लढवायचे. ते सगळ्यात शेवटचं काम आहे. त्याआधी तीन गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात: विमान नेमकं कोणतं, ते खरोखर उडत निघालं होतं का, आणि ते शेवटचं खात्रीने कुठे दिसलं.

विमानाची खरी ओळख म्हणजे कारखान्याने दिलेला उत्पादन क्रमांक. नोंदणीची अक्षरं बदलतात. इंग्लंडमध्ये ‘जी’ने सुरू होणारी, हिंदुस्थानात आल्यावर ‘व्हीटी’ने सुरू होणारी. डिलिव्हरीच्या वाटेवर विमानावर यातली कोणती अक्षरं रंगवलेली होती, हे गृहीत धरता येत नाही. काही विमानं ब्रिटिश नोंदणीवर निघत आणि इथे पोचल्यावर बदलून घेत. काहींसाठी व्हीटी अक्षरं आधीच राखून ठेवलेली असत, आणि विमान आलंच नाही तर ती कागदावरच राहत किंवा पुढे दुसऱ्याच विमानाला मिळत. म्हणून एकाच अक्षरांखाली दोन विमानांचा इतिहास एकमेकांत मिसळलेला दिसला तर गोंधळू नका. उत्पादन क्रमांक धरला की गुंता सुटतो.

हा क्रमांक मिळवायला दोन जागा चांगल्या. ब्रिटिश नागरी उड्डाण प्राधिकरणाच्या जी-इन्फो या संकेतस्थळावर जुन्या नोंदवहीची पानं स्कॅन करून ठेवली आहेत. मालक, तारीख, उत्पादन क्रमांक आणि नोंद रद्द झाल्याची तारीख त्या पानावर मिळते. दुसरी जागा एअर-ब्रिटन ही संस्था. तिच्या अभ्यासकांनी डी हॅविलंडच्या विमानांचे इतिहास उत्पादन क्रमांकानुसार लावले आहेत. अक्षरं माहीत नसतील तर या यादीत उलटा शोध घ्या: विकत घेणाऱ्याचं नाव, ‘बॉम्बे’, ‘इंडिया’, ‘डिलिव्हरी’ हे शब्द आणि तुमच्या पत्राच्या तारखेआधीचे सहा महिने. पणजोबांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी करून पाहा, आणि व्यवहार कंपनीच्या किंवा भागीदाराच्या नावाने झाला असेल हेही ध्यानात ठेवा.

नोंद रद्द झाल्याची तारीख म्हणजे अपघाताची तारीख नव्हे. ती कारकुनाची तारीख आहे. मालकाने कळवलं, प्रमाणपत्राची मुदत संपली किंवा वर्षाकाठी नोंदवही तपासली गेली की शेरा पडायचा, आणि त्यात कित्येक महिने जायचे. ‘परदेशी विकलं’ हा शेराही फसवा आहे. विमान विकलं गेलं आणि निघालं, एवढंच त्यावरून कळतं. पोचलं असा त्याचा अर्थ नाही. उलट उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र मिळाल्याची तारीख बऱ्यापैकी कामाची असते, कारण त्याआधी विमान परदेशी उडत निघणं नियमात बसत नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. त्या काळात हिंदुस्थानात आलेली कितीतरी छोटी विमानं पेटीत बंद होऊन बोटीने आली आणि इथे जोडली गेली. कुटुंबात ‘विमान वाटेत हरवलं’ ही आठवण राहते, पण विमान बोटीबरोबर बुडालेलं किंवा गोदीत जळालेलंही असू शकतं. बोटीने आणलं असेल तर पत्रव्यवहारात भाडं, पेट्या, गोदीचा जकात दाखला असे शब्द येतात. उडत आणलं असेल तर वैमानिकाचा मेहनताना, पेट्रोलची बिलं, वाटेतल्या देशांचे परवाने. तुमच्या पत्रात बसऱ्याचा उल्लेख ‘सोडल्यावर’ असा आहे. हा शब्द बोटीलाही लागू पडतो, तेव्हा मूळ पत्र पुन्हा एकदा नीट वाचा. युद्धकाळातलं प्रकरण असेल तर बोटीच्या मालाची यादीही मुक्कामागणिक तपासावी लागते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोट झालेल्या फोर्ट स्टिकिन जहाजाने वाटेत कराचीला कापसाच्या गाठी चढवल्या होत्या. इंग्लंडहून निघताना जहाजात जे होतं तेच शेवटी होतं असं मानून चालत नाही.

तिसरी गोष्ट, म्हणजे शेवटचा खात्रीचा ठिकाणा, हा या कामाचा कणा आहे. मॉथसारख्या विमानात तेव्हा वायरलेस नसायचं. वैमानिक एका तळावरून उडाला की पुढच्या तळावर उतरेपर्यंत त्याचं अस्तित्व कुणाला कळत नसे. पुढच्या तळावरून ‘आला नाही’ अशी तार गेली की मग चौकशी सुरू. तो मुक्काम न करता पुढे गेला असेल, हवा खराब म्हणून कुठे थांबला असेल, अशा समजात एक-दोन दिवस सहज जात. त्यामुळे वर्तमानपत्रात ‘विमान बेपत्ता’ ही बातमी ज्या दिवशी आली, त्याच्या दोन ते चार दिवस आधीच्या तारखांचे कागद पाहायचे.

हाती येणारा प्रत्येक कागद कुणी आणि केव्हा लिहिला, ते त्याच्यावर टिपून ठेवा. तळावरच्या माणसाने त्याच दिवशी केलेली नोंद किंवा तार सगळ्यात भक्कम. काही आठवड्यांत लिहिलेली पत्रं आणि चौकशीचे अहवाल त्यानंतर. पुढे कित्येक वर्षांनी छापलेल्या याद्या आणि संकेतस्थळं सगळ्यात शेवटी, कारण तिथे ‘पर्शियन आखातात कोसळलं’ असं लिहिलेलं वाक्य कित्येकदा कुणाच्या तरी अंदाजावरून आलेलं असतं आणि मग प्रत्येक जण तेच उतरवत जातो. विमान बेपत्ता झाल्याची बातमी पसरली की किनाऱ्यावरून ‘आम्ही विमान पाहिलं’ अशा खबरा येऊ लागतात. त्या खोट्या असतात असं नाही, पण दिसलेलं विमान वेगळं असू शकतं. त्या वाटेवर इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीची टपाल-विमानं ठरलेल्या वारी जात. त्यांचं वेळापत्रक शेजारी ठेवून प्रत्येक खबर पडताळून पाहा.

वेळेचा एक घोळ खास मुंबईचा आहे. हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरल्यानंतरही १९५५ पर्यंत शहरात ‘बॉम्बे टाइम’ चालत होता आणि तो प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होता. मुंबईच्या बातमीतली वेळ कोणती, ते पाहावं लागतं. ताशी ८५ मैलांनी जाणारं मॉथ ३९ मिनिटांत ५५ मैल कापतं, म्हणजे शोधाचा पट्टा तेवढा सरकतो. विमानवाहतुकीच्या तारांत बहुधा ग्रिनिच वेळ असते. अंतरांचंही तसंच. ब्रिटिश वैमानिक तेव्हा जमिनीवरच्या मैलात बोलत, नौदलवाले सागरी मैलात, आणि १ सागरी मैल म्हणजे साधे १.१५ मैल. पेट्रोलचं गॅलन इंपिरियल, म्हणजे ४.५५ लिटरचं, अमेरिकन कागदात तेच ३.७९ लिटरचं.

एवढं झालं की मग आकडेमोड. मार्ग आधी ठरवा. इम्पीरियल एअरवेजचा मार्ग १९३२च्या ऑक्टोबरपर्यंत इराणच्या किनाऱ्याने होता: बुशहर, जास्क, ग्वादर, कराची. त्यानंतर तो अरबी किनाऱ्याने, बहरीन आणि शारजा करत ग्वादरला येऊ लागला. खाजगी वैमानिकावर मात्र हे बंधन नव्हतं. इराणचा परवाना हातात असेल तर तो जुन्या वाटेने जाऊ शकत होता. हा फरक मोठा आहे, कारण जास्क ते ग्वादर साधारण २८५ मैल आणि तेही किनारा धरून, तर शारजा ते ग्वादर सुमारे ४३५ मैल आणि त्यातला मोठा भाग ओमानच्या आखातावरून. ग्वादर ते कराची आणखी २९० मैल.

मॉथची मूळ टाकी वरच्या पंखाच्या मधल्या भागात असते आणि तिच्यात सुमारे १९ गॅलन, म्हणजे ८६ लिटर पेट्रोल मावतं. जिप्सी मेजर इंजिन ताशी साधारण साडेसहा गॅलन खातं असं धरलं तर हे पेट्रोल तीन तासांच्या जरा आत संपतं. ताशी ८५ मैलांनी शांत हवेत अंतर निघतं २५० मैलांच्या आसपास. म्हणजे मूळ टाकीवर जास्क ते ग्वादरसुद्धा गाठता येत नाही. म्हणून डिलिव्हरीच्या उड्डाणासाठी पुढच्या कॉकपिटमध्ये जादा टाकी बसवत. ती २५ गॅलनची होती असं उदाहरणादाखल धरू. एकूण ४४ गॅलन, पावणेसात तास. समोरून ताशी १५ मैलांचा वारा असेल तर ७० मैलांच्या वेगाने ४७० मैल. शारजाहून निघालेल्या माणसाकडे ग्वादरला जेमतेम अर्ध्या तासाचं पेट्रोल उरतं. धुळीत धावपट्टी शोधायला अर्धा तास फार थोडा. तुमच्या विमानाचं इंजिन जुनं, कमी ताकदीचं असेल तर खप कमी धरा, पण गणित याच पद्धतीने करा.

ही जादा टाकीच पुष्कळ डिलिव्हरी उड्डाणांचा कच्चा दुवा होती. ती खाली असते आणि मूळ टाकी वर, त्यामुळे पेट्रोल पंपाने वर चढवावं लागतं. पंपाचा वॉशर गेला, जोडातून हवा शिरली किंवा टाकीतल्या कचऱ्याने नळी तुंबली, की खाली भरपूर पेट्रोल असूनही इंजिन बंद पडतं. वरची टाकी पुरेशी रिकामी होण्याआधी पंप मारला तर पेट्रोल हवेच्या भोकातून बाहेर वाहून जातं आणि ते वैमानिकाला कळतही नाही. शिवाय पेट्रोल वाढवलं तरी इंजिनचं ऑइल तेवढंच राहतं. उलट्या सिलिंडरच्या जिप्सी इंजिनांना लांब पल्ल्यात ऑइलची चणचण लवकर जाणवते. म्हणून कागदपत्रांत जादा टाकी कुणी बसवली, किती गॅलनची होती आणि आधीच्या मुक्कामांवर काही दुरुस्ती झाली का, हे आवर्जून शोधा. आदल्या दोन तळांवर वैमानिकाने पंपाची तक्रार केली असेल तर ती एक ओळ कोणत्याही नकाशापेक्षा जास्त सांगते.

दिशेची चूक मोजायला सोपा नियम आहे: ६० मैलांत १ अंशाची चूक म्हणजे १ मैल बाजूला. ५ अंशांची चूक ग्वादर ते कराची या टप्प्यात साधारण २४ मैल होते, शारजा ते ग्वादर टप्प्यात ३६. किनारा दिसत असेल तर ती सुधारते, धुळीचा पडदा असेल तर नाही. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला आखातात शमाल हा वायव्येचा वारा सुटतो. पूर्वेकडे येणाऱ्याला तो पाठीमागून ढकलतो, पण धूळही तोच उडवतो.

आता कागद कुठे आहेत ते पाहू. आखाताच्या वाटेवरचं सगळ्यात समृद्ध भांडार म्हणजे ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या खात्याचे दप्तर. त्यातली आखातातल्या रेसिडेन्सी आणि एजन्सींची (ब्रिटिश राजकीय अधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांची) मालिका आर/१५ मोठ्या प्रमाणात कतार डिजिटल लायब्ररीवर फुकट वाचता येते. १५/१ बुशहर, १५/२ बहरीन, १५/६ मस्कत. ग्वादर १९५८ पर्यंत मस्कतच्या सुलतानाकडे होतं, त्यामुळे तिथली प्रकरणं मस्कतच्या फायलीत सापडतात, कराचीच्या नव्हे. शोधताना जुने शब्द वापरा: ‘एअरक्राफ्ट’ऐवजी ‘एअरोप्लेन’, ‘क्रॅश’ऐवजी ‘फोर्स्ड लँडिंग’, ‘मिसिंग’. ग्वादरच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या ‘ए’च्या जागी पुष्कळदा ‘यू’ असतो. शारजाची तर तीन-चार रूपं आहेत.

शोधमोहीम निघाली असेल तर ती बहुधा रॉयल एअर फोर्सने काढली असणार. बसऱ्याला २०३ क्रमांकाचं फ्लाइंग बोटींचं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचं स्क्वाड्रन होतं आणि आखातावर उडणं हे त्याचं रोजचं काम. स्क्वाड्रनच्या रोजनिशा लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एअर २७ या मालिकेत आहेत. आखातात गस्त घालणाऱ्या नौदलाच्या स्लूप (छोट्या युद्धनौका) बोटींची लॉगबुकं एडीएम ५३ मध्ये. तिथेच एव्हीआयए ५ मध्ये अपघातांचे अहवाल आहेत, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. अवशेष मिळाले नाहीत तर तपासायला काही उरत नाही, आणि अशा छोट्या खाजगी विमानाचा स्वतंत्र अहवाल कित्येकदा झालेलाच नसतो. अहवाल नाही म्हणून काहीतरी दडपलं, असा निष्कर्ष काढू नये.

वैमानिकासाठी रॉयल एरो क्लबची ओळखपत्रं पाहा. त्यावर जन्मतारीख, पत्ता आणि कित्येकदा फोटोही असतो. लंडनच्या ‘फ्लाइट’ साप्ताहिकात हेस्टन, क्रॉयडन अशा तळांवरून कोण कुठे निघालं याच्या बारीक बातम्या येत. निघण्याची तारीख तिथून मिळू शकते.

दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार अभिलेख पटल या संकेतस्थळावरून चाळता येतं. नागरी विमानवाहतूक तेव्हा उद्योग आणि कामगार खात्याकडे होती, १९३७ नंतर दळणवळण खात्याकडे. खात्याचं नाव चुकलं की फाइल सापडत नाही.

मुंबईत काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र पुराभिलेखागार आहे. सिंध १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, म्हणजे कराचीच्या अधिकाऱ्यांचा वरचा पत्रव्यवहार मुंबई सरकारशी चाले. त्या तारखेआधीचं प्रकरण असेल तर बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्याला लागून असलेल्या भागातल्या शोधाची फाइल इथेही निघू शकते. पोलिटिकल, होम आणि जनरल अशा तिन्ही डिपार्टमेंटच्या सूच्या त्या वर्षासाठी पाहा. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथसंजीवनी संग्रहात जुनी मुंबईची वर्तमानपत्रं आहेत. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ अवश्य पाहा. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे जुने अंक मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून संगणकावर शोधता येतात. मराठी पत्रांतली बातमी छोटी असते, पण विमान घेणारा मुंबईचा आणि मराठी असेल तर घरच्या माणसांचं म्हणणं तिथेच छापून आलेलं असू शकतं. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुने अंक विचारा.

माझ्या मते तुमच्या प्रकरणात सगळ्यात मोठी आशा मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेच्या (ओरिजिनल साइड, जिथे दावे थेट दाखल होतात) दप्तरात आहे, आणि तिकडे क्वचितच कुणी पाहतं. पुराव्याच्या १८७२च्या कायद्यातल्या (तो २०२४ पर्यंत लागू होता) १०८व्या कलमानुसार, एखाद्या माणसाची खबर ज्यांना लागायला हवी होती त्यांना ती सात वर्षं लागली नाही, तर तो माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येत असे. बेपत्ता वैमानिकाची मालमत्ता, बँकेतले पैसे किंवा विमा मिळवायला वारसाला अर्ज करावा लागे आणि त्यासोबत शेवटच्या उड्डाणाची हकिकत शपथेवर सांगावी लागे. तळावरच्या तारांच्या नकला, विमा कंपनीची पत्रं, शोधाचे तपशील हे सगळं त्या अर्जाला जोडलेलं असू शकतं. म्हणून नुसतं अपघाताचं वर्ष न पाहता त्यानंतरची दहा वर्षं पाहा. खरेदीदार आणि विमा कंपनी यांच्यात दावा झाला असेल तर तो याच शाखेत असेल, आणि विमान पणजोबांचं असल्यामुळे त्यांच्या नावाने सूची शोधणं सोपं जातं. वैमानिक युरोपियन असेल तर इंडिया ऑफिसच्या दप्तरात मुंबईच्या दफननोंदी एन/३ मध्ये आहेत, मृत्युपत्रं एल/एजी/३४ मध्ये.

हाच प्रश्न १९६०नंतरच्या एखाद्या सेसना किंवा पायपरबद्दल असता तर वाट वेगळी. अमेरिकी नोंदणीवर निघालेल्या विमानाची पूर्ण फाइल तिथल्या एफएए या विमानवाहतूक प्रशासनाकडे मागता येते आणि जादा टाकी बसवल्याचा फॉर्म ३३७ त्यात असतो. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाची अपघातसूची १९६२ पासूनची आहे. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे अपघाताची जागा कोणत्याच देशाच्या हद्दीत ठरवता येत नसेल तर तपास नोंदणीच्या देशाने करायचा असतो. म्हणून अरबी समुद्रात हरवलेल्या विमानाचा अहवाल भारतात न मिळता नोंदणीच्या देशात मिळतो.

अवशेषांबद्दल वास्तव अपेक्षा ठेवा. वाळवंटात विमान टिकतं: ब्रिटिश वैमानिक बिल लँकेस्टरचं एव्ह्रो एव्हियन विमान १९३३ मध्ये सहारात पडलं आणि १९६२ मध्ये त्याच्या नोंदींसकट सापडलं. समुद्रात लाकूड-कापडाचं मॉथ टिकत नाही. इंजिन बुडतं, पंख तरंगत जातात. ऑस्ट्रेलियन वैमानिक चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथचं विमान नोव्हेंबर १९३५ मध्ये ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ हरवलं आणि दीड वर्षाने फक्त चाकाचा पाय हाती लागला. मकरान किनाऱ्यावर काही सापडल्याची नोंद मिळाली तर त्यावर कोणता आकडा होता ते पाहा. सुट्या भागावरचा आकडा बहुधा आराखड्याचा असतो आणि त्यावरून फक्त विमानाचा प्रकार कळतो. इंजिन क्रमांक त्याहून चांगला, पण इंजिनं अदलाबदल होत, तेव्हा तो उत्पादन क्रमांकाशी कागदावर जुळवून घ्यावा लागतो.

सुरुवात घरच्या पत्रापासूनच करा. दोन्ही बाजू आणि पाकीटसुद्धा स्कॅन करा. पोस्टाचा शिक्का, पाठवणाऱ्याचा छापील पत्ता आणि कोपऱ्यातला संदर्भ क्रमांक हे तिन्ही महत्त्वाचे. पत्र विमा कंपनीचं किंवा दलालाचं असेल तर तो संदर्भ क्रमांक उच्च न्यायालयाच्या अर्जात आणि लंडनच्या फायलीत जसाच्या तसा पुन्हा येऊ शकतो, आणि अभिलेखागाराला पत्र लिहिताना पहिल्या ओळीत तोच द्यायचा.